रिकी नेल्सनची ‘इम्पीरियल ५७४१’: घ्यायची ती दुसऱ्या बाजूसाठी

अमेरिकन गायक रिकी नेल्सनची १९६१ सालची ही सात इंची, ४५ आरपीएमची (मिनिटाला ४५ फेरे घेणारी) मोनो सिंगल, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक गाणं असलेली तबकडी; ‘इम्पीरियल’ ही कंपनी, ५७४१ हा तिचा क्रमांक. एका बाजूला ‘ट्रॅव्हलिन मॅन’, दुसरीकडे ‘हॅलो मेरी लू’. दोन्ही गाणी अडीच मिनिटांच्या आत आटोपतात. अमेरिकेत बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं १ नंबरला पोचलं, दुसरं ९ नंबरला. तरीही जुनी प्रत हुडकून पैसे मोजायचे ते ‘हॅलो मेरी लू’साठीच.

जेरी फुलरने लिहिलेलं ‘ट्रॅव्हलिन मॅन’ गोड आहे. नेल्सन आवाज कुठेही चढवत नाही, बोलल्यासारखा सुरात गातो. आईवडिलांच्या टीव्ही मालिकेतून घरोघरी पोचलेला देखणा पोरगा म्हणून त्याला मोडीत काढणाऱ्यांनी हा संयम नीट ऐकावा. पण जीन पिटनीने लिहिलेल्या ‘मेरी लू’मध्ये जीव आहे. ए मेजरमधून सी शार्प सेव्हनवर आणि तिथून एफ शार्प मायनरवर जाणारी ती कॉर्ड्सची (एकत्र वाजणाऱ्या सुरांची) वाट कान टवकारायला लावते. आणि मग गिटारवादक जेम्स बर्टनचा सोलो, म्हणजे गाण्याच्या मधला एकट्या गिटारचा तुकडा! बर्टन तेव्हा जेमतेम एकविशीतला. टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारवर वरच्या तारांच्या जागी बँजोच्या पातळ तारा चढवायचा, म्हणून स्वर ओढताना बोटांना जोर कमी लागायचा. तार छेडायचं एक पिक चिमटीत, दुसरं मधल्या बोटात. त्यामुळे दोन तारा एकाच वेळी तुटक, टणक वाजतात. एकही सूर फुकट गेलेला नाही.

आता प्रत कशी पारखायची ते. तिरप्या उजेडात धरा. खाचांवर राखाडी झाक दिसली तर ती मळाची नसून झिजेची असू शकते, आणि झीज धुऊन जात नाही. अशा प्रतीत गाण्यातले ‘स’, ‘श’ हे उच्चार फाटतात, लेबलाजवळ जास्तच. विक्रेत्याने नुसत्या डोळ्यांनी ठरवलेल्या ग्रेडवर (प्रतीच्या दर्जावर) विसंबू नका, वाजवून दाखवायला सांगा.

मधलं भोक दीड इंचाचं आहे, आपल्याकडच्या जुन्या ईपींसारखं (छोट्या तबकड्यांसारखं) बारीक नाही, त्यामुळे भोक भरणारा अडॅप्टर लागतो. स्वस्तातला प्लास्टिकचा अडॅप्टर ढिला बसला की तबकडी केंद्रातून सरकते आणि ‘ट्रॅव्हलिन मॅन’मधले लांब सूर डोलायला लागतात. तो घट्ट बसूनही सूर डोलत असेल तर भोकच केंद्रापासून सरकून पडलंय; ती प्रत परत करा. अँप्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा, खरखर बरीच कमी होते. धुताना लेबल कोरडं ठेवा.

तबकडी नकोच असेल आणि डिजिटल घ्यायचं असेल तर रेकॉर्डिंगचं साल तपासा. नेल्सनने ऐंशीच्या दशकात आपली जुनी गाणी नव्याने रेकॉर्ड केली होती, आणि १९६१चा तो सोलो त्यांत मिळणार नाही.