कोकमाच्या बाटलीवर तारीख छापणारं यंत्र, आणि त्यासाठी काढलेलं कर्ज

आधी निकाल सांगून टाकते. हातात धरून तारीख छापायचा कोडर: उत्तम. बाटलीला लेबल चिकटवणारं अर्धस्वयंचलित यंत्र: बरं. ज्या योजनेतून हे घेतलं ती पीएमएफएमई, म्हणजे लहान अन्नप्रक्रिया युनिटांना कर्जावर अनुदान देणारी केंद्राची योजना: चांगली, पण नुसत्या कोडरसाठी तिच्या दारात जाऊ नका. हे का, ते खाली.

आमचं युनिट कुडाळ तालुक्यात, घराच्याच मागच्या पडवीत वाढवलेलं. कोकम आगळ, अमृत कोकम, आंब्याचा पल्प, आणि फणस असेल तेव्हा फणसपोळी. पूर्वी तारखेचा रबरी शिक्का होता. आकडे फिरवायचे, पॅडवर दाबायचं, लेबलवर मारायचं. आगळ म्हणजे मीठ आणि आंबटपणा. भरताना एक थेंब बाटलीवरून ओघळला की बॅच नंबर पुसलाच. सासूबाई बाटली उजेडात धरून म्हणायच्या, "माका दिसत नाय, तुका दिसता काय गो?" घरात चालून जातं, पण दुकानदार अशी बाटली परत करतो, आणि अन्न निरीक्षक आला तर परत करण्यावर भागत नाही. उत्पादनाची तारीख, कधीपर्यंत वापरावं ती तारीख, बॅच नंबर, सर्व करांसह किंमत, अन्न परवान्याचा १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक, हे सगळं वाचता आलं पाहिजे. शिवाय वजनमापवाल्यांच्या नियमाने दर एककाची किंमतही लागते. म्हणजे ५०० मिलीची बाटली १८० रुपयांना असेल तर प्रति मिली ३६ पैसे. किंमत बदलली की हाही आकडा बदलणार.

पत्ता, घटकपदार्थ, पोषणमूल्यं, हिरवा ठिपका हे कायम राहणारं. ते छापखान्यातून छापून येतं. बदलतं ते तेवढं चौकटीत आपण छापायचं. कोडर लागतो तो एवढ्याचसाठी.

आता यंत्र. हँड कोडर म्हणजे किराणा दुकानातल्या स्कॅनरपेक्षा थोडा जाड, वर छोटा पडदा, आत शाईचं कार्ट्रिज. छपाईची पट्टी अर्ध्या इंचाची, त्यात आमच्या चार ओळी नीट बसतात. बॅटरीवर चालतो, त्यामुळे लाईट गेली तरी काम थांबत नाही. कोकणात पावसाळ्यात ही सोय किती मोठी आहे ते पुण्यातल्या विक्रेत्याला सांगून कळत नाही. देवनागरी छापता येतं, पण अक्षर चित्र करून टाकावं लागतं. आम्ही आकडे आणि इंग्रजी अक्षरांवरच भागवतो.

शाईबद्दल मात्र विकत घेण्यापूर्वी भांडून विचारा. पाण्याची शाई स्वस्त, पण काचेवर आणि प्लास्टिकवर ती वाळतच नाही, बोट लागलं की फराटा. काचेवर टिकणारी सॉल्व्हंटची शाई मिळते, लगेच सुकते. तीच शाई कार्ट्रिजच्या छिद्राच्या तोंडाशीही लगेच सुकते! टोपण न लावता जेवायला गेलात तर परत येईपर्यंत ओळी तुटक यायला लागतात. मग विणीचे धागे न सुटणाऱ्या कापडावर तोंड टेकवून पुसायचं. ती शाई पेट घेते, तेव्हा पल्प तापवायची मोठी किटली चालू असलेल्या खोलीत ती ठेवायची नाही. हे विक्रेत्याने सांगितलं नव्हतं, डब्यावरच्या ज्वाळेच्या चिन्हावरून आम्हीच ठरवलं.

यातून सगळ्यात चांगली वाट सावंतवाडीच्या छापखान्यातल्या मुलाने दाखवली. लेबलला चकाकी आणायला वरून व्हार्निश मारतात. ते मारताना तारखेची चौकट कोरी सोडायला सांगायचं. मग तिथे साधा कागद उघडा राहतो, पाण्याची स्वस्त शाई त्यात शोषली जाते आणि पुसली जात नाही. तेव्हापासून आम्ही काचेवर छापतच नाही. लेबलं आधी टेबलावर मांडून छापायची, मग बाटलीला लावायची. बाटलीची गोलाई नाही, थंड काचेवरचं दव नाही. महागडी शाई फक्त २०० मिलीच्या बाटलीच्या झाकणासाठी ठेवली आहे.

काहीजण कोडरऐवजी लेबल प्रिंटर घेतात. तेही चांगलं, पण रिबनवाला घ्या. बिनरिबनचा, उष्णतेने कागद काळा करणारा घेतलात तर उन्हातल्या टपरीवर ठेवलेल्या बाटलीची तारीख एटीएमच्या पावतीसारखी विरून जाईल. रिबनमध्येही नुसती मेणाची खरवडली जाते. मेण आणि रेझिन मिसळलेली आगळासाठी बरी.

लेबलिंग यंत्राबद्दल फार लिहीत नाही. गोल बाटली रुळांवर ठेवायची, पायाने कळ दाबायची, लेबल सरळ बसतं. हाताने लावलेलं तिरकं लेबल आणि हे, दुकानाच्या फळीवर शेजारी ठेवून बघा. पण आमची चपटी बाटली त्यात जात नाही, ती हातानेच.

पैशाकडे येते. पीएमएफएमई २०२० मध्ये सुरू झाली. आधी २०२४-२५ पर्यंत होती, मग २०२५-२६ पर्यंत वाढवली. तेव्हा अर्जाआधी कृषी कार्यालयात सद्यस्थिती विचारून घ्या. पात्र खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. स्वतःचे किमान १० टक्के घालायचे, बाकी बँकेचं कर्ज. समजा यंत्रं ६ लाखांची आहेत. तर ६० हजार तुमचे, ५ लाख ४० हजार कर्ज, आणि अनुदान २ लाख १० हजार. हे अनुदान हातात येत नाही. बँकेत तुमच्या नावाने वेगळं पडून राहतं. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षं खातं नियमित राहिलं आणि युनिट चालू असलं, तर ते कर्जात वळतं होतं. तोवर तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही. आमच्या वाडीत अजून लोकांना वाटतं की सरकार दोन लाख रोख देतं. नाही देत.

जिल्ह्यात योजनेची संसाधन व्यक्ती असते, अर्ज आणि प्रकल्प अहवाल तीच करून देते. तिला मानधन सरकार देतं, आपण एक रुपयाही द्यायचा नसतो. आमच्या मॅडमनी कोटेशनमधून एक गोष्ट सरळ उडवली. विक्रेत्याने हँड कोडरच्या जागी अखंड शाई फवारणारं मोठं यंत्र लावलं होतं, पाण्याच्या बाटल्यांवर ठिपक्याठिपक्यांची तारीख असते ना, ते. किंमत लाखांत. "अनुदान आहेच की ताई," हे त्याचं म्हणणं. ते यंत्र धावत्या पट्ट्यासाठी असतं, रोज चालवावं लागतं, आणि शाईबरोबर पातळ करायचं द्रावणही सतत लागतं. आमचा कोकम हंगाम एप्रिल-मे, मिरगाच्या आधी सगळं आटपायचं. बाकी वर्षभर ते यंत्र तोंड सुकवून बसलं असतं. अनुदान ३५ टक्के असलं तरी उरलेले ६५ टक्के आपलेच असतात.

आता तक्रार. अनुदान यंत्राला आहे. शाई, रिबन, लेबलचे रोल हे खेळतं भांडवल, त्याला नाही. कोडरचा खरा खर्च तर तिथेच. वर्षाच्या शेवटी बिलं मांडली तेव्हा छापील लेबलं आणि कार्ट्रिज मिळून कोडरच्या किमतीच्या पुढे गेले होते. बँकेच्या शाखेत हे समजावणं अवघड गेलं. साहेबांना फळांचा गर काढणारा पल्पर कळतो, किटली कळते, कोडर बघून "हा प्रिंटर का?" असं विचारलं. कार्यालयातला प्रिंटर समजून काटणार होते. प्रकल्प अहवालात "बॅच कोडिंग यंत्र, अन्नसुरक्षा लेबलिंगसाठी आवश्यक" असं स्पष्ट लिहून घ्या, आणि पल्परच्या त्याच यादीत बसवा. नुसत्या चाळीसेक हजारांच्या यंत्रासाठी एवढे कागद, सातबारा, उद्यम नोंदणी, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, परवडत नाहीत. एकटाच कोडर हवा असेल तर मुद्रा शिशूचं ५० हजारांपर्यंतचं कर्ज बघा. अनुदान नाही, पण सुटसुटीत.

बचत गटाच्या बायकांसाठी तर तिसरी वाट आहे आणि ती कमी जणींना ठाऊक आहे. ह्याच योजनेत गटातल्या अन्नप्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक सदस्येमागे ४० हजार रुपये बीज भांडवल मिळतं, उमेदमार्फत, म्हणजे बचत गटांचं काम बघणाऱ्या राज्याच्या अभियानामार्फत. ते खेळत्या भांडवलासाठी आणि लहान अवजारांसाठीच आहे. म्हणजे कोडरही त्यात, शाईही त्यात. पैसे गटाच्या संघामार्फत येतात आणि गटाकडून परत फिरतात, तेव्हा ते बक्षीस नव्हे, पण बँकेच्या टेबलापेक्षा बरं.

कोडरचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते २२ सप्टेंबर २०२५ ला. जीएसटीचे दर बदलले, जॅम आणि फळांचा पल्प १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पल्पच्या भरलेल्या बाटल्या खोक्यांत तयार होत्या. सरकारने शिल्लक मालावर शिक्का किंवा स्टिकरने नवी किंमत दाखवायची परवानगी दिली, जुनी किंमत झाकायची नाही एवढी अट. आम्ही कोऱ्या छोट्या स्टिकरांवर नवी किंमत आणि नवा प्रति मिली दर छापला, जुन्या किमतीच्या बाजूला लावला, माल गेला. शेजारच्या गावातल्या एका ओळखीच्या युनिटने छापखान्याची वाट पाहिली. त्यांचा माल दिवाळीच्या तोंडावर अडकला.

घ्यायचंच असेल तर अर्ज दिवाळीच्या आसपास टाका. मार्चमध्ये टाकलात तर मंजुरी येईपर्यंत कोकम संपलेलं असतं आणि हप्ता मात्र सुरू झालेला असतो. कोटेशन घेताना विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी मागा: कार्ट्रिज बाजारात दुसऱ्या कुणाचंही चालतं का, सिंधुदुर्गात येऊन दुरुस्ती कोण करणार, आणि तुमच्याच बाटलीवर, तुमच्याच लेबलवर छापलेला नमुना. आमच्या विक्रेत्याने तिसरं दिलं, पहिल्याचं उत्तर टाळलं. कार्ट्रिज अजून त्याच्याकडूनच घ्यावं लागतं, म्हणून कोडरचा एक तारा कापते.