दाणेदार अलॉय व्हील आणि पेंट रिमूव्हर जेल: दोन चाकं घासल्यानंतर

माझ्या बाइकची चाकं ओतीव अ‍ॅल्युमिनियमची. रिमची कड गुळगुळीत, आरे मात्र दाणेदार, हाताला रेतीसारखे लागणारे. आधीच्या मालकाने सगळ्यावर काळा रंग मारलेला. कडेचे टवके उडत होते, दाण्यांतला रंग मात्र हलायला तयार नव्हता.

बेंझिल अल्कोहोलवाला जेल रिमूव्हर मुद्दाम घेतला. मिथिलीन क्लोराईडवाला झपाट्याने रंग काढतो, पण बंद जागेत त्याच्या वाफांनी माणसं दगावलेली आहेत. वेळ जास्त गेला तरी चालेल, असं ठरवूनच डबा उघडला. टायर, बेअरिंग, सील आणि डिस्क आधी काढून ठेवली.

डब्यावर अर्धा तास लिहिलंय. कडेवर तेवढ्यात रंगाला सुरकुत्या पडल्या आणि ओल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा तो प्लॅस्टिकच्या पट्टीने सलग निघाला. आऱ्यांवर तसं झालं नाही. वरचा थर सुटला, खळग्यांतला जिथल्या तिथे. जेल सुकलं की त्याचं काम थांबतं. म्हणून दुसऱ्यांदा जाड थर दिला, वरून प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळली आणि चाक रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी फिल्म उचलली तर खाली काळा, ओला गाळ. नायलॉनच्या ब्रशने गोल गोल घासून धुतला. असं तीनदा केल्यावर आरा हबला मिळतो त्या कोपऱ्यातसुद्धा स्वच्छ राखाडी धातू दिसला. तो क्षण फार समाधानाचा होता.

घाई झाली म्हणून लोखंडी तारेचा ब्रश हातात घेऊ नका. त्याचे कण मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढे गंजाचे ठिपके उमटतात. कॉस्टिक सोडा असलेला कुठलाही क्लीनर तर लांबच ठेवा. तो रंगाबरोबर धातूही खातो, वर काळपट डाग सोडतो.

पॉलिशला लागलो तेव्हा माझी चूक झाली. रंग निघाल्याच्या आनंदात दाणेदार आऱ्यावर थेट बफ (चमक आणणारी फिरती कापडी चकती) आणि तपकिरी ट्रायपोली कंपाउंड, म्हणजे पॉलिशची वडी, लावलं. दाण्यांची टोकं चमकली, खळगे कंपाउंडने काळे भरले, सगळा आरा मळकट दिसायला लागला. रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने ते उकरून काढण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. आरशासारखी चमक हवी असेल तर दाणा आधी सँडपेपरने सपाट करावाच लागतो, जाड नंबरपासून बारीककडे: 220, मग 320, 400, 600, 800, दर वेळी घासायची दिशा बदलून, म्हणजे आधीच्या नंबरचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. एका आऱ्यावर करून पाहिलं. दाणा गेला, पण ओतकामातली बारीक छिद्रं वर आली. आणि आऱ्याच्या मुळाशी धातू कमी करायला माझं मन धजेना. चाकाचा भार तिथूनच जातो.

शेवटी कड 2000 पर्यंत वॉटर पेपरने ओली घासली, मग कापडी बफ आणि सफेद कंपाउंड. त्यात ब्रेक लिव्हरचं प्रतिबिंब दिसतं. आऱ्यांचा दाणा तसाच ठेवून नुसता नायलॉनच्या पॅडने फिरवला, मंद चमक आली. चकचकीत कडेशेजारी तो दाणा उठून दिसतो. आता माझ्या मते या चाकांचं खरं रूप हेच.

जेलबद्दल सांगायचं तर, साध्या रंगासाठी मी ते निःशंक सुचवेन, फक्त डब्यावरचा अर्धा तास गुळगुळीत भागापुरताच धरा. दाणेदार भागासाठी फिल्म आणि रात्रभराचा वेळ हवाच. मागच्या चाकाच्या हबवर मात्र साधा रंग नव्हता, पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला पावडरीचा थर) होतं. दोन रात्रींनंतर त्याच्या फक्त कडा सुटल्या आहेत, मधला भाग अजून तसाच घट्ट आहे. तिसरा थर आज रात्री देतोय.