बारा फ्लॅट, एक गच्ची: सौर वीज कुणाच्या मीटरला जोडायची आणि बॅटरी कशासाठी घ्यायची?

पर्वरी, म्हापशाचे गणेशपुरी किंवा मडगावचे गोगोळ अशा हाउसिंग बोर्डाच्या वसाहतींत, आणि गोव्यातल्या छोट्या जुन्या सोसायट्यांत, सौर विजेचा विषय निघाला की पहिला प्रश्न 'किती किलोवॅट?' असा येतो. त्याआधी विचारायला हवे की गच्ची कुणाची आणि तिच्यावर तयार झालेले युनिट कुणाच्या बिलात वजा होणार. पॅनेल तेच, ऊन तेच. पण याचे उत्तर बदलले की फायदा पाच घरांना होतो की बारा, हे बदलते.

खालची सगळी आकडेमोड एका नमुना इमारतीसाठी आहे: तळमजला अधिक तीन मजले, बारा फ्लॅट, लिफ्ट नाही. टाक्या, जिन्याची खोली आणि त्यांच्या सावल्या वगळून गच्चीवर साधारण १४० चौरस मीटर जागा उरते. एका किलोवॅटला सुमारे १० चौरस मीटर लागतात, म्हणजे १४ किलोवॅट बसतील. गोव्यात एक किलोवॅट वर्षाला १,४०० युनिटांच्या आसपास देतो. सरासरी महिन्याला ११५ पडतात, पण एप्रिलमध्ये याहून बरेच जास्त आणि जुलैत जेमतेम निम्मे. विक्रेता 'रोज पाच युनिट' म्हणत असेल तर तो मार्च-एप्रिलचा आकडा सांगतो आहे.

पहिला मार्ग: ज्याचे त्याने आपापले बसवावे

सर्वांत ओळखीचा आणि सर्वांत लवकर होणारा. पीएम सूर्यघर योजनेत (फेब्रुवारी २०२४) घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीसाठी थांबावे लागत नाही. राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज करायचा, यादीतला विक्रेता निवडायचा, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा, बिल फक्त फरकाचे) लागला की अनुदान खात्यात जमा. पॅनेल मात्र भारतीय बनावटीच्या सेलचे हवेत, नाहीतर अनुदान नाही.

बैठ्या घराला हा मार्ग उत्तम. बारा फ्लॅटच्या इमारतीत मात्र गच्ची संपते. चार घरांनी तीन-तीन किलोवॅट बसवले, पाचव्याने दोन, की १४ किलोवॅट भरले. उरलेल्या सात घरांना, म्हणजे बहुधा ज्यांना पैसे उभे करायला वेळ लागतो त्यांनाच, जागा नाही. एकदा पॅनेल बसली की पंचवीस वर्षे ती कुणी हलवत नाही.

'मग प्रत्येकाने एकच किलोवॅट बसवू' हा समजूतदार तोडगा वाटतो, पण त्यात तांत्रिक अडचण आहे. एक किलोवॅट म्हणजे ५४० वॅटची दोन पॅनेल. दोघांचे मिळून व्होल्टेज ८० च्या आसपास भरते आणि कित्येक स्ट्रिंग इन्व्हर्टर (पॅनेलांच्या रांगेची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारी यंत्रे) एवढ्यावर नीट चालूच होत नाहीत. सकाळ-संध्याकाळ आणि ढगाळ दिवशी बंद पडतात. मायक्रो-इन्व्हर्टर (पॅनेलमागेच बसणारे छोटे इन्व्हर्टर) घेतले तर चालते, पण खर्च वाढतो. शिवाय बारा केबल शाफ्टमधून खाली आणायच्या आणि अर्थिंगचे काम बारा वेगवेगळ्या विक्रेत्यांनी करायचे. कुणाच्या कामामुळे गच्ची गळते आहे हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.

दुसरा मार्ग: सोसायटीचा कॉमन मीटर

काम सोपे आणि वाद कमी. जिन्यातले आठ एलईडी, गेट आणि पार्किंगचे दिवे, कॅमेरे आणि दीड अश्वशक्तीचा पाण्याचा पंप रोज दीड तास, असे सगळे मिळून दिवसाला पाच युनिट, महिन्याला दीडशे. वर्षभराच्या हिशेबात दोन किलोवॅटमध्ये पावसाळ्यासकट भागते. फायदा मेंटेनन्समधून सर्वांना मिळतो आणि भाडेकरूंपर्यंतही पोचतो.

सोसायटीच्या सामायिक वापरासाठी अनुदान किलोवॅटला १८,००० रुपये आहे. म्हणून संपूर्ण १४ किलोवॅट कॉमन मीटरवर चढवणे ही चूक ठरते: एक तर अनुदान कमी, दुसरे म्हणजे एवढे युनिट कॉमन मीटर खातच नाही. उरलेले युनिट साठत जातात आणि वर्षअखेरीस त्यांचा हिशेब घरगुती दराने होत नाही.

तिसरा मार्ग: एकच प्रकल्प, बारा बिलांत वाटप

याला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. गच्चीवर १२ किलोवॅटचा एकच संच, एक थ्री-फेज इन्व्हर्टर, एक निर्मिती मीटर. महिन्याला जेवढे युनिट तयार होतील ते ठरलेल्या हिश्शाने बारा घरांच्या बिलांतून वजा होतात. गोव्यासाठी विजेचे नियम ठरवणाऱ्या संयुक्त वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांत याला जागा आहे, आणि सूर्यघरच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा हिश्शालाही घरगुती अनुदान मिळू शकते. दहा किलोवॅटच्या वर गेल्यामुळे इथे वीज खात्याची तांत्रिक तपासणी होते आणि ट्रान्सफॉर्मरवर जागा आहे का ते पाहिले जाते. म्हणून पॅनेलची ऑर्डर देण्याआधी खात्याच्या विभागीय कार्यालयाकडून व्हर्च्युअल जोडणीची मंजुरी लेखी घ्यावी. विक्रेत्याचे 'होऊन जाईल' इथे पुरत नाही.

आता हिशेब. सरकारने धरलेला खर्च किलोवॅटला ५०,००० रुपये, म्हणजे १२ किलोवॅटला ६ लाख. अनुदान ३०,००० गुणिले १२, म्हणजे ३ लाख ६० हजार. उरले २ लाख ४० हजार, म्हणजे घरटी २०,०००. बाजारभाव याहून चढा निघू शकतो, विशेषतः पॅनेल उंच सांगाड्यावर बसवायची असतील तर.

| | आपापले | कॉमन मीटर | वाटून घेतलेला |
|---|---|---|---|
| १४ किलोवॅटच्या गच्चीवर फायदा | ५ घरांना | सर्वांना, थोडा | १२ घरांना |
| किलोवॅटला अनुदान | ३०,०००. तिसऱ्याला १८,००० | १८,००० | ३०,००० |
| मंजुरीची कटकट | कमी | कमी | जास्त |
| भाडेकरूला लाभ | मीटर कुणाच्या नावावर त्यावर | मेंटेनन्समधून | बिल तो भरत असेल तर |

गोव्यातला एक मुद्दा महाराष्ट्रातली माहिती वाचणाऱ्यांच्या हातून निसटतो. इथे वीज स्वस्त आहे, आणि सर्वांत स्वस्त आहे ती कमी वापरणाऱ्याला. स्लॅब चढत जातात तसा दर चढतो. सौर युनिट वजा होतात ते तुमच्या सर्वांत वरच्या स्लॅबमधून. महिन्याला १२० युनिट जाळणाऱ्या घराचे जवळजवळ सगळे वजा होणारे युनिट तळाच्या स्वस्त स्लॅबमधले असतात. समजा वाचलेल्या युनिटाची सरासरी किंमत २ रुपये पडली, तर महिन्याला ११५ युनिटांचे २३० रुपये वाचतील आणि घरटी २०,००० रुपये फिटायला सात वर्षांहून थोडा जास्त काळ लागेल. ३ रुपये पडली तर पाच वर्षे. अनुदानच नसेल तर २ रुपयांच्या हिशेबाने हाच किलोवॅट फिटायला अठरा वर्षे जातील. म्हणून अल्प उत्पन्नाच्या घरांसाठी अनुदान हाच या व्यवहाराचा कणा आहे. कागदपत्रांत चूक होऊन ते अडकले तर सगळे गणित कोसळते. बिलावरचे नाव आणि बँक खात्यावरचे नाव एकच आहे ना, हे बारा घरांचे आधी तपासा. वडिलांच्या नावावर राहिलेला मीटर हे अडकण्याचे नेहमीचे कारण.

हाच स्वस्त दर 'एक पैसा न गुंतवता कंपनी बसवून देईल' या योजनेलाही अडवतो. कंपनी युनिटाला जो दर मागते तो तुमच्या तळाच्या स्लॅबपेक्षा कमी असायला हवा, नाहीतर फुकटात बसवूनही बिल वाढेल. करारात दरवर्षीची वाढ किती टक्के लिहिली आहे ते पाहा.

वाटपाच्या प्रकल्पात पुढे बिघडते ते बिलात. हिस्सा एका बिलात चुकला किंवा उशिरा आला तरी लक्षात येत नाही, कारण एकट्या घराला एकूण निर्मिती माहीत नसते. उपाय साधा: रीडिंगच्या दिवशी निर्मिती मीटरचा फोटो काढून जिन्यातल्या फलकावर आकडा लिहायचा, आणि बारा बिलांतल्या वजावटींची बेरीज त्याच्याशी जुळवायची. फरक आला तर त्याच महिन्यात अर्ज. बंद फ्लॅटचा हिस्सा पडून राहतो. तो कुणाला आणि कधी बदलून द्यायचा हे सर्वसाधारण सभेच्या ठरावात सुरुवातीलाच लिहून ठेवावे. गच्चीचा हक्क अजून बिल्डरकडे असेल किंवा बोर्डाची परवानगी लागत असेल, तर ते कागद सर्वांत आधी.

बॅटरी: बिलासाठी नव्हे, अंधारासाठी

लाईट गेली की साधा सौर संच भर उन्हातही बंद पडतो. हा दोष नव्हे. लाईनवर काम करणाऱ्या लाईनमनला गच्चीवरून धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम थांबतो. नेट मीटर असताना जास्तीचे युनिट वीज खात्याच्या जाळ्यातच जमा होतात, त्यामुळे बिल वाचवायला बॅटरी घेण्यात अर्थ नाही; आणि सूर्यघरचे अनुदान बॅटरीला मिळत नाही. ती घ्यायची ती जून-जुलैत माड किंवा फांदी तारेवर पडून रात्रभर लाईट जाते तेव्हासाठी.

बारा घरांत बारा बॅटऱ्या की एक सामायिक? सामायिक बॅटरीवरून प्रत्येक घराला एक पंखा आणि एक दिवा देण्याची कल्पना चांगली वाटते, पण त्यासाठी प्रत्येक फ्लॅटला वेगळी वायर, वेगळा एमसीबी (जादा प्रवाह आला की पडणारा स्विच) आणि चेंजओव्हर (एका लाईनवरून दुसऱ्या लाईनवर नेणारा स्विच) लागतो. जुन्या वायरिंगमध्ये वायरमन आणीबाणीच्या लाईनचा न्यूट्रल घरच्या न्यूट्रलला जोडून टाकतो. मग घरातला आरसीसीबी (गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच) सारखा पडतो आणि शेवटी कुणीतरी तो काढूनच ठेवतो. शॉकपासून वाचवणारे उपकरणच गेले.

आमचा कल असा: १२ किलोवॅट वाटपाचे, आणि त्यांच्यापासून वेगळा दोन किलोवॅटचा कॉमन मीटरचा संच हायब्रिड इन्व्हर्टरवर (बॅटरी जोडता येणारा, लाईट गेली तरी चालणारा), सोबत ५१.२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची एक लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. ती नावाला ५.१ युनिटांची, ८० टक्केच वापरली आणि इन्व्हर्टरमधली घट धरली तर हाती ३.७ युनिट येतात. जिना, गेट, कॅमेरे आणि राउटर मिळून २१० वॅट, म्हणजे बारा तासांना २.५ युनिट. उरलेल्यात मीटर-खोलीजवळ मोबाइल चार्जिंगचा बोर्ड सहज चालतो. जुलैतल्या ढगाळ दिवशीही दोन किलोवॅट चारेक युनिट देतात, त्यामुळे दुसऱ्या रात्रीची सोय होते.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावलेला रुग्ण असेल तर त्याचा हिशेब वेगळा करा. पाच लिटरचे यंत्र साडेतीनशे वॅटच्या आसपास घेते, आठ तासांना २.८ युनिट. त्या घरापर्यंत स्वतंत्र लाईन आणि दुसरी बॅटरी, यात काटकसर नको.

पंप बॅटरीवर घेऊ नये. दीड अश्वशक्तीची मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट ओढते आणि तीन केव्हीएचा इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो. टाकी दिवसा, दहा ते बाराच्या दरम्यान टायमरवर भरून ठेवा. भरलेली टाकी हीच पंपाची बॅटरी.

ट्यूब्युलर लेड-ॲसिड स्वस्त पडते, पण निम्मीच वापरता येते, डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते, चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि चार-पाच वर्षांत बदलावी लागते. सोसायटीत पाणी घालण्याचे काम 'सर्वांचे' असते, म्हणून ती आणखी लवकर मरते. बॅटरी जिन्याखाली ठेवू नका, तो बाहेर पडायचा रस्ता आहे. गच्चीवरच्या पत्र्याखालीही नको, उष्णतेने आयुष्य घटते. जोत्याच्या वर असलेली हवेशीर मीटर-खोली योग्य.

गोव्याच्या हवेत काय बिघडते

खाऱ्या वाऱ्यात साध्या गॅल्व्हनाइज्ड पट्ट्या दोन-तीन पावसांत गंजतात. हॉट-डिप केलेला (वितळलेल्या जस्तात बुडवलेला), ८० मायक्रॉन थराचा सांगाडा किंवा ॲल्युमिनियम मागा. बोल्ट स्टेनलेस ३१६ चे, आणि ॲल्युमिनियम व लोखंड जिथे टेकतात तिथे मध्ये रबरी पट्टी, नाहीतर दोन धातूंच्या संपर्काने सांधा खातो. गळतीसाठी गच्चीवर पत्रे घातलेले असतील तर कैच्या पॅनेलचे वजन आणि वारा सोसतील का हे अभियंत्याकडून लिहून घ्या.

माडाची सावली दुपारी एका पॅनेलच्या कोपऱ्यावर आली तरी पूर्ण रांगेची निर्मिती घसरते. चुडत आणि नारळ पडण्याच्या टप्प्यात पॅनेल नकोच. उतार १५ अंशांच्या आसपास, तोंड दक्षिणेला. पाच अंशांहून कमी उतार दिला तर पावसाळ्यानंतर खालच्या कडेला शेवाळाची रेघ जमते आणि ती पाण्याने जात नाही, मऊ स्पंजाने घासावी लागते. डिचोली-सत्तरीकडे खनिजाचे ट्रक जातात त्या रस्त्यालगत लाल धूळ नोव्हेंबर ते मे दर पंधरा दिवसांनी धुवावी.

आणि अर्थिंग. डीसी (पॅनेलची बाजू), एसी (इन्व्हर्टरनंतरची बाजू) आणि आकाशातली वीज जमिनीत नेणारा लाइटनिंग अरेस्टर असे तीन वेगळे खड्डे हवेत. खाली चिऱ्याचा जांभा असतो. पावसाळ्यात मापलेला रोध चांगला दिसतो आणि मे महिन्यात तोच कितीतरी वाढलेला निघतो. म्हणून मापन मे महिन्यात, सोसायटीच्या माणसासमोर करून घ्यावे आणि पाच ओहमच्या वर आले तर रासायनिक अर्थिंग (खड्ड्यात ओल धरणारे मिश्रण भरून) विक्रेत्याच्या खर्चाने करायचे, हे पाच वर्षांच्या देखभाल करारात लिहून घ्यावे. शेवटचा हप्ता या मापनानंतरच सोडावा.