कागद खरे, सही जुनी, तरी तलवार तादाहिरोची नाहीच

जुनी जपानी तलवार घ्यायचा विचार करताय त्यांच्यासाठी हे लिहितोय. इथे टोकियोत निशीकासाईला आपली बरीच मंडळी राहतात, त्यातल्या काहींना माझ्यासारखाच हा नाद आहे, शिवाय पुण्या-मुंबईहूनही अधूनमधून मेसेज येतो की अमुक साइटवर एक काताना (लांब जपानी तलवार) दिसतेय, घेऊ का. मला एका विक्रेत्याने साडेचार लाख येनला फसवलं. त्याचं नाव लिहीत नाही पण कसं फसवलं ते सगळं लिहितो, कारण त्याने दाखवलेल्या कागदांपैकी एकही कागद बनावट नव्हता आणि हे सांगितलं की लोकांना खरंच वाटत नाही.

वस्तू होती वाकिझाशी, म्हणजे कातानापेक्षा आखूड तलवार. नाकागोवर (पात्याचा जो भाग मुठीच्या आत जातो तो) सही होती 'हिझेन नो कुनी जू ओमी दाइजो फुजिवारा तादाहिरो'. हा तादाहिरो म्हणजे हिझेन प्रांतातल्या, आत्ताच्या सागामधल्या, नाबेशिमा घराण्यासाठी काम करणाऱ्या प्रसिद्ध तादायोशी घराण्यातला दुसऱ्या पिढीचा लोहार, 1641 मध्ये त्याला ओमी दाइजो हा किताब मिळाला आणि त्यापुढे तो जवळजवळ पन्नास वर्षं काम करत राहिला, त्यामुळे त्याच्या तलवारी बाजारात बऱ्यापैकी दिसतात. म्हणूनच संशय येत नाही. मासामुने किंवा कोतेत्सु असं अतिप्रसिद्ध लोहाराचं नाव दिसलं की नवखा माणूससुद्धा सावध होतो, कोतेत्सुच्या खोट्या सह्या तर एदो काळापासून बदनाम आहेत, एदो काळाच्या अखेरीस क्योतोत पहारा देणाऱ्या शिनसेनगुमी या सामुराई तुकडीचा प्रमुख कोंदो इसामी, त्याची कोतेत्सुसुद्धा खोटी होती असं म्हणतात. पण तादाहिरोसारखं मधलं, परवडेल असं नाव दिसलं की वाटतं, हे कोण कशाला खोटं करेल. करतात, आणि तीनशे वर्षांपासून करतात. आपल्याकडच्या फिरंगी पात्यांवरही युरोपातल्या नावाजलेल्या कारागिरांची नावं उगाच कोरलेली सापडतात, तसाच प्रकार.

विक्रेता ऑनलाइन भेटला, मग लाइन या मेसेजिंग ॲपवर बोलणं सुरू झालं, अतिशय अदबीने बोलणारा माणूस, प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार. त्याने दोन कागद दाखवले. पहिला तोरोकुशो, म्हणजे नोंदणीपत्र, शोवा 26 सालचं. हे 1951 साल म्हणजे नोंदणी सुरू झाली ते वर्ष आणि तेव्हा मोठमोठ्या सरदार घराण्यांच्या तलवारी आधी नोंदल्या गेल्या असं इथे मानतात, त्यामुळे त्या वर्षाच्या कागदाला वेगळंच वजन असतं. तो म्हणाला, बघा, सरकारच्या कागदावर तादाहिरो लिहिलंय. लिहिलं होतंच. पण तोरोकुशोमध्ये सही 'जशी दिसते तशी' उतरवून घेतात, ती खरी की खोटी हे तिथे कुणी ठरवत नाही. ही तलवार पारंपरिक पद्धतीने घडवलेली आहे, युद्धाच्या काळातली कारखान्यात काढलेली नाही, आणि ती जपानमध्ये कायदेशीर बाळगता येते, एवढाच त्या कागदाचा अर्थ. लांबी, बाक, भोकं किती, सही काय, बस्स.

दुसरा कागद हिरवा, तोकुबेत्सु किचो. हा तलवार जतन करणाऱ्या संस्थेचा, निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाईचा, जुना परीक्षण-कागद. संस्था 1948 पासूनची आहे, त्यांचं म्युझियम आता र्‍योगोकुला आहे, जरूर बघून या. हे जुने किचो कागद 1982 मध्ये बंद झाले आणि त्यांच्या जागी होझोन, तोकुबेत्सु होझोन आले, ज्यावर नाकागोचा फोटो असतो. हिरव्या कागदांवर आज जाणकार मंडळी फारसा भरवसा ठेवत नाहीत, विशेषतः मोठ्या नावाच्या सहीवर असला तर नाहीच, हे मला माहीत होतं, त्यालाही मी ते बोललो. तो लगेच म्हणाला, बरोबर आहे तुमचं, म्हणून तर किंमत कमी लावलीय, नवीन कागद काढलात की दुप्पट होईल.

आता खरा मुद्दा. हिरव्या कागदावर लांबी जुन्या जपानी मापात होती एक शाकू सात सुन आठ बू, म्हणजे साधारण 53.9 सेंटिमीटर. आणि तलवार भरत होती एक शाकू सहा सुन नऊ बू, 51.2. मी विचारलं हा फरक कसा. तो म्हणाला माची-ओकुरी झालीय. माची म्हणजे पातं आणि नाकागो यांच्या मधली खाच, ती वर सरकवली की पातं तेवढं आखूड होतं आणि लांबी टोकापासून माचीपर्यंतच मोजतात त्यामुळे आकडा कमी होतो. असं खरंच करतात, खोटं काही सांगितलं नाही त्याने, फक्त या तलवारीचं तसं झालं नव्हतं.

पुढे आमच्या इथल्या एका अभ्यासगटात तलवार घेऊन गेलो. तिथे पद्धत अशी की नाकागो कापडात झाकलेला ठेवायचा आणि नुसत्या पात्यावरून लोहार कोण ते ओळखायचं, सही सगळ्यात शेवटी बघायची. एका वयस्कर जपानी गृहस्थांनी पातं दिव्याखाली तिरकं धरून बराच वेळ पाहिलं आणि हिझेनचं नावसुद्धा घेतलं नाही. हिझेनचं पोलाद अगदी बारीक, सारख्या दाण्याचं दिसतं, कोनुका म्हणतात त्याला. माझ्या पात्यावर मधेमधे मोठे मोकळे पदर दिसत होते. धारेलगतचा पांढरा पट्टा, म्हणजे हामोन, सरळ होता खरा, पण हिझेनच्या सरळ हामोनची कड एकसारखी, स्वच्छ, उजळ असते आणि इथे ती जागोजागी मंद पडत होती. टोकातला हामोन हिझेनच्या कामात कडेला समांतर जाऊन नीट गोल वळतो, इथे तो झाडूने ओढल्यासारखा विस्कटला होता.

मग त्यांनी दोन्ही कागद मागितले, टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि तारखांवर बोट ठेवलं. तोरोकुशो शोवा 26, लांबी एक शाकू सहा सुन नऊ बू. हिरवा कागद शोवा 49, म्हणजे 1974, लांबी एक शाकू सात सुन आठ बू. पातं आखूड करता येतं, लांब करता येत नाही. 1951 मध्ये जी तलवार 51.2 सेंटिमीटर होती ती 1974 मध्ये 53.9 होऊच शकत नाही. हिरवा कागद खरा होता पण दुसऱ्याच कुठल्या तरी तलवारीचा, एका गाडीचं आरसी बुक दुसऱ्या गाडीला लावावं तसा. त्यांनी अजून एक दाखवलं, माची खरंच पावणेतीन सेंटिमीटर वर सरकवली असती तर हामोन खाली नाकागोत शिरलेला दिसला असता आणि मुठीच्या खिळ्यासाठी बहुधा दुसरं भोक पाडावं लागलं असतं. इथे भोक एकच आणि हामोन बरोब्बर माचीपाशी सुरू होतो.

सहीबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो कारण सगळीकडे एकच सल्ला मिळतो, सहीतला गंज बघा. इथे गंज छान काळा, सहीच्या रेघांत आणि बाहेर सारखाच. कारण ही खोटी सहीसुद्धा जुनी आहे, 1951 च्या कागदावर ती आहेच, म्हणजे त्याच्या आधीच कुणीतरी कोरली. गंज जुना म्हणजे सही जुनी एवढंच कळतं, सही कोणाची ते कळत नाही. कोरणाऱ्याला अभ्यासही होता. हिझेनचे लोहार कातानावर सही सहसा उलट्या बाजूला करायचे आणि वाकिझाशीवर नेहमीच्या बाजूला, त्याने ते बरोबर पाळलंय. पण खऱ्या तादाहिरोच्या सह्यांचे फोटो शेजारी ठेवल्यावर छिन्नीचा जोर लगेच कमी वाटतो, रेघा बारीक आणि घाबरत मारलेल्या.

तरी शिन्साला, म्हणजे संस्थेच्या परीक्षणाला, दिली. महिने गेले आणि निकाल आला, नापास, गिमेई म्हणजे खोटी सही.

विक्रेत्याला कळवलं तर तीच अदब, आणि उत्तर असं की लिस्टिंगमध्ये 'मेई (सही): तादाहिरो' एवढंच लिहिलं होतं, अस्सल आहे असं कुठेही लिहिलं नव्हतं, आणि खाली 'नो क्लेम, नो रिटर्न' होतं. हिरव्या कागदाबद्दल विचारलं तर म्हणाला मलाही तो तसाच मिळाला. 188 वर, ग्राहकांच्या मदत नंबरवर, फोन केला, त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं पण विकणारा दुकानदार नसून खाजगी व्यक्ती असेल तर त्यांचे हात तोकडे पडतात. वकिलाची फी धरली तर उरणार काय. पैसे गेले ते गेले, मला संताप याचा येतो की माची-ओकुरीसारखी बारीक गोष्ट माहीत असलेल्या माणसाने ती शिकवायला न वापरता फसवायला वापरली.

तेव्हा मेसेज करणाऱ्या सगळ्यांना आता मी हेच सांगतो. पैसे देण्याआधी सगळ्या कागदांचे दोन्ही बाजूंचे फोटो मागा, तारखा आणि लांबी स्वतः वहीत लिहून ताडून बघा. मुठीतून काढलेल्या नाकागोचे दोन्ही बाजूंचे, सरळ वरून काढलेले फोटो मागा. 'शिन्सात गिमेई ठरली तर पैसे परत' हे लेखी मागा, जो प्रामाणिक आहे तो देतो, इथली चांगली दुकानं देतातही. भारतात न्यायचा विचार असेल तर जपानच्या सांस्कृतिक खात्याची परवानगी लागते आणि तोरोकुशो इथेच परत करावा लागतो, म्हणजे नुसत्या त्या कागदाच्या जोरावर घेतलेल्या तलवारीला तिकडे काहीच आधार उरत नाही, शिवाय आपल्याकडचे कस्टम आणि शस्त्र कायद्याचे नियम आधी विचारून घ्या. आणि तलवार घेतलीत तर वीस दिवसांच्या आत मालकी बदलल्याचं कळवायचं असतं, तोरोकुशो ज्या प्रांताचा असेल तिथल्या शिक्षण मंडळाला, ते विसरू नका.

माझ्या वाकिझाशीचं पातं वाईट नाहीये, कुणीतरी मनापासून घडवलेलं आहे, फक्त त्याचं नाव पुसून दुसऱ्याचं लावलंय. ही सही ठेवून ती विकायला लोक सुचवतात, ते मी करणार नाही. एका कारागिराकडून सही काढून घेऊन बिनसहीची म्हणून पुन्हा शिन्साला द्यायचं ठरवलंय, तेव्हा ती लोहारांच्या कुठल्या परंपरेतली, कुठल्या काळातली ते निदान कळेल. हिरवा कागद माझ्याकडेच राहील, दुसऱ्या कुठल्याच तलवारीबरोबर तो जाणार नाही.