थ्रीएम १८६० एन-९५ मास्क: टीबी वॉर्डात काम करणाऱ्यांसाठी घ्यावा का?

टीबी वॉर्ड, छातीरोगाची ओपीडी, थुंकीचे नमुने घेण्याची जागा. इथे रोज काम करणाऱ्यांसाठी थ्रीएम कंपनीचा १८६० हा मास्क घ्यावा, असं आमचं मत आहे. अट एकच: तो त्या माणसाच्या चेहऱ्यावर बसतो की नाही, हे खरेदीच्या आधी तपासलेलं असावं. ते तपासायचं नसेल तर या मास्कसाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

टीबीचा धोका फक्त रुग्णाच्या घरच्यांना असतो असं मानणाऱ्यांनी सेवाग्रामचा अभ्यास आठवावा. वर्धा जिल्ह्यातल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत सातशेहून जास्त आरोग्य कर्मचाऱ्यांची त्वचेची चाचणी आणि रक्ताची चाचणी करण्यात आली. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दोन्हींपैकी एका तरी चाचणीत जवळजवळ निम्मे कर्मचारी पॉझिटिव्ह होते. म्हणजे जंतू शरीरात शिरलेला, आजार अजून दिसत नव्हता. मुंबईत २०१२च्या सुरुवातीला हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तपासलेल्या कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचे रुग्ण नोंदवले, तेव्हापासून तर हा संसर्ग कामावरून घरी घेऊन जाण्याची किंमत आणखी वाढली.

आता मास्ककडे वळू. १८६० वाटीच्या आकाराचा, हिरवट-निळा असतो. त्याला व्हॉल्व्ह नाही. डोक्यामागून जाणारे दोन निळे पट्टे, नाकावर वाकणारी धातूची पट्टी आणि तिच्या आत फोम. एका खोक्यात २० नग येतात. एन-९५ या दर्जाचा अर्थ असा, की मिनिटाला ८५ लिटर हवा ओढली असता ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, म्हणजे अडवायला सगळ्यात कठीण कण, किमान ९५ टक्के अडतात. टीबीचे जंतू वाहणारे सुकलेले सूक्ष्म थेंब साधारण १ ते ५ मायक्रॉनचे असतात. त्यांच्यासाठी हे कापड पुरेसं आहे. कडेच्या फटीतून शिरणारी हवा मात्र त्या कापडातून जातच नाही, आणि बहुतेक मास्क तिथेच निकामी ठरतात.

मास्क धुण्याचा हट्ट का धरू नये, याचं कारणही त्या कापडातच आहे. आतल्या पॉलिप्रॉपिलीनच्या बारीक तंतूंवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो आणि बारीक कण बऱ्याच अंशी त्या भारामुळे चिकटतात. स्पिरिट किंवा सॅनिटायझर फवारलं, साबणाच्या पाण्यात बुडवलं, की भार जातो. मास्क दिसायला तसाच राहतो, गाळण्याची क्षमता मात्र खाली येते.

मापं दोन आहेत. १८६० हे नेहमीचं आणि १८६०एस हे लहान. रंग, खोकं, सगळं सारखंच दिसतं, म्हणून लेबलावरचा ‘एस’ बघूनच घ्या. नर्सिंगमध्ये बहुसंख्य महिला असूनही अनेक ठिकाणी एकाच मापाचे मास्क मागवले जातात. मग अरुंद चेहऱ्याच्या सिस्टरना हनुवटीखाली आणि गालाच्या कडेला फट राहते, आणि चष्म्यावर वाफ धरते. चष्म्यावर वाफ येणं म्हणजे नाकाजवळून हवा निसटते आहे, एवढं साधं निदान आहे ते.

घालण्याची पद्धत नीट शिकवायला हवी, कारण चूक ठरावीक ठिकाणीच होते. मास्क तळहातात धरायचा, नाकाची पट्टी बोटांच्या टोकांकडे, पट्टे खाली मोकळे लोंबते. आधी हनुवटीखाली बसवायचा. वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंच, कानांच्या वर. खालचा पट्टा कानांखालून मानेवर. दोन्ही पट्टे मानेवर उतरवले तर नाकाजवळचा ताण जातो, आणि खालचा पट्टा समोर लोंबता ठेवला तर मास्क घातला काय, न घातला काय. अंबाडा किंवा वेणी असेल तर वरचा पट्टा तिच्यावरून आणि खालचा तिच्याखालून न्यावा. ओढणी, स्कार्फ किंवा टोपीची कड मास्कच्या कडेखाली येऊ देऊ नये. मग नाकाची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी मधून कडेला दाबत जायची. एका हाताने चिमटा काढला तर मध्ये टोकदार घडी पडते आणि तिच्या दोन्ही बाजूंना फट राहते. ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

शेवटी दोन्ही तळव्यांनी मास्क झाकून जोरात श्वास सोडायचा. नाकाजवळ हवा लागली तर पट्टी पुन्हा बसवायची, कडेला लागली तर पट्टे मागे सरकवायचे. हे दर वेळी करायचं, वॉर्डाच्या दाराबाहेर. आत जाऊन नाही. दाढीचे खुंट असतील तर यातलं काहीच लागू होत नाही, कारण केसांवर कड बसतच नाही. वॉर्डातल्या पुरुषांनी ड्युटीच्या दिवशी दाढी करून यावं, इतकं हे सरळ आहे.

पण अशी स्वतःची स्वतः केलेली तपासणी म्हणजे फिट टेस्ट नव्हे. फिट टेस्टमध्ये मास्क घातलेल्या माणसाच्या डोक्यावर पारदर्शक टोप चढवून त्यात सॅकरिनचा गोड किंवा बिट्रेक्सचा कडू फवारा सोडतात. आधी मास्कशिवाय, सौम्य द्रावणावर, त्या माणसाला चव कळते का ते पाहतात: १०, २० की ३० फवाऱ्यांत कळली, त्यावर पुढचा डोस ठरतो. मग मास्क घालून सात हालचाली, प्रत्येकी एक मिनिट: साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवीकडे, मान वर-खाली, मोठ्याने बोलणं, वाकणं, पुन्हा साधा श्वास. फवारा दर ३० सेकंदांनी पुन्हा. चव लागली की मास्क नापास. चाचणीच्या आधी १५ मिनिटं पाण्याशिवाय तोंडात काही नको. चहा नको, सुपारी नको, तंबाखू तर अजिबात नको. जीभ बधिर असेल तर गळका मास्कही पास होतो. वर्षातून एकदा ही चाचणी पुन्हा करावी. वजन बरंच बदललं, दाढा काढल्या किंवा कवळी बसवली, तर वर्षाची वाट पाहू नये.

म्हणून खरेदीचा क्रम असा असावा: १८६०, १८६०एस आणि घडीचा १८७०+ यांचं एकेक खोकं आणा, सगळ्यांची फिट टेस्ट करा, कुणाला काय बसलं त्याची यादी ठेवा आणि त्या प्रमाणात ऑर्डर द्या. १८७०+ तीन पाखांचा, सपाट घडी होणारा, एकेक वेगळ्या पाकिटात येणारा. बोलताना तो हनुवटीबरोबर हलतो, त्यामुळे वाटीचा मास्क ज्यांना बसत नाही त्यांच्यातल्या काहींना हा बसतो. गावात फिरणाऱ्या आशाताईंसाठीही हाच बरा, कारण १८६० पिशवीत दबला की त्याची कड कायमची वाकते.

पैसे वाचवायचे असतील तर वाचवण्याची योग्य जागा वेगळी आहे. थ्रीएम ८२१० हा औद्योगिक मास्कही एन-९५च आहे, साचा जवळपास १८६०सारखा, पट्टे पिवळे. फरक इतकाच की १८६० रक्त-द्रवाचा फवारा थोपवण्यासाठीही तपासलेला आहे, ८२१० नाही. टीबी ओपीडीत किंवा औषध वाटपाच्या खिडकीवर रक्त उडत नाही, तिथे ८२१० चालेल. शस्त्रक्रियागृहात १८६०च. ८२१०व्ही मात्र घेऊ नका, त्याला व्हॉल्व्ह आहे आणि त्यातून घालणाऱ्याचा श्वास न गाळता बाहेर पडतो. व्हॉल्व्हच्या मास्कबद्दल केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जुलै २०२०मध्येच राज्यांना सावध केलं होतं.

बाजारातले कानाला अडकवायचे ‘एन-९५’ या कामासाठी घेऊ नयेत. त्यातल्या काहींवर आयएस ९४७३ या भारतीय मानकाची एफएफपी-२ ही दर्जाची खूण असते आणि कापड चांगलंही असतं, पण कानाच्या दोऱ्या मास्क चेहऱ्यावर पुरेसा ओढून धरत नाहीत. अमेरिकेत मास्कना मान्यता देणारी नायॉश ही सरकारी संस्था कानाला अडकवायच्या मास्कला एन-९५ची मान्यता देतच नाही. त्यामुळे कानाचे पट्टे आणि नायॉशचं नाव एकत्र दिसलं की तो माल नकली समजावा. १८६०वर टीसी-८४ए-०००६ हा मान्यता क्रमांक असतो, तो वाचून घ्या. १८६०ची नक्कल मोठ्या प्रमाणावर झाली आहे. फेब्रुवारी २०२१मध्ये अमेरिकेत थ्रीएमच्या नावाचे १ कोटीहून जास्त नकली मास्क पकडले गेले. मुदतही बघा. पाच वर्षांची असते, म्हणजे कोविडच्या काळात भरलेला साठा आता बाद झाला आहे किंवा होत आला आहे. पत्र्याच्या छपराखालची कोठी, विदर्भातला मे महिना आणि एन-९५ची खोकी यांचं जमत नाही. थंड आणि कोरडी जागा द्या.

एक मास्क किती वेळा वापरायचा? मास्कची टंचाई असताना सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेची शिफारस जास्तीत जास्त पाच वेळा घालण्याची होती, कारण दर वेळी पट्टे ताणले जातात आणि बसणं बिघडतं. टीबी मास्कच्या पृष्ठभागाला हात लागून पसरत नाही, त्यामुळे मास्क जपून पुन्हा वापरणं टीबी वॉर्डात चालतं. नाव लिहिलेल्या कागदी पिशवीत ठेवायचा. प्लास्टिकमध्ये घामाची ओल राहते. ओला झाला, डाग पडला, पट्टा सैल झाला किंवा स्टेपलपाशी सुटला की दूषित कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत.

सर्जिकल मास्क आणि एन-९५ यांत फरकच नाही असं सांगणारे अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा दाखला देतात. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत बाह्यरुग्ण विभागांतल्या कर्मचाऱ्यांमध्ये इन्फ्लुएन्झाचं प्रमाण एन-९५ गटात ८.२ टक्के आणि सर्जिकल मास्क गटात ७.२ टक्के निघालं. निष्कर्ष खरा आहे, पण तो इन्फ्लुएन्झाचा आहे, जो घरी आणि बसमध्येही गाठतो. टीबीचे कण तासन्‌तास हवेत तरंगतात, आणि त्या वॉर्डात कर्मचारी आठ तास बसून असतो. तो निष्कर्ष उचलून इथे लावणं चुकीचं आहे.

सर्जिकल मास्कची जागा रुग्णाच्या तोंडावर आहे. दक्षिण आफ्रिकेत एमडीआर, म्हणजे मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या वॉर्डातली हवा गिनीपिगांच्या दोन गटांकडे सोडण्यात आली. रुग्णांनी मास्क घातलेल्या दिवसांची हवा मिळालेल्या ९० पैकी ३६ जनावरांना संसर्ग झाला, मास्क नसलेल्या दिवसांच्या हवेत ९० पैकी ६९ जणांना. साध्या मास्कने धोका जवळजवळ निम्म्यावर आला.

आणि खिडक्या. ताशी १२ वेळा हवा बदलत असेल तर खोलीतले ९९ टक्के कण निघून जायला २३ मिनिटं लागतात, ताशी ६ वेळा बदलत असेल तर ४६. रुग्ण बाहेर गेला म्हणून लगेच मास्क काढायचा नाही, हे खोली झाडायला येणाऱ्या मावशींना सांगितलेलं असतं का? फिट टेस्टच्या यादीत डॉक्टर-सिस्टरांबरोबर कंत्राटी मामा-मावशी, एक्स-रे तंत्रज्ञ आणि थुंकीच्या स्लाइड करणारे हवेतच. त्यांची नावं बहुधा दुसऱ्याच रजिस्टरात, ठेकेदाराकडे असतात. मास्कची ऑर्डर काढण्याआधी ते रजिस्टर मागवून घ्या.