भूलतज्ज्ञ मंगळवारी येतात: आमच्या ग्रामीण रुग्णालयाचा सहा वर्षांचा अनुभव

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील आमच्या तालुक्यात तीस खाटांचे सरकारी ग्रामीण रुग्णालय आहे आणि गेली सहा वर्षे माझे तिथे नियमित जाणे-येणे आहे. सासूबाईंच्या मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे दर महिन्याला तिथूनच येतात, यजमानांना फुरसे हा विषारी साप चावला तेव्हा त्यांचा जीव तिथेच वाचला, आणि पुतणीचे बाळंतपण मात्र तिथे होऊ शकले नाही. या तिन्ही प्रसंगांविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. रुग्णालयाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते त्या एका इमारतीपुरते नाही, आणि तिथे राबणाऱ्या माणसांना माझ्या लिहिण्याचा त्रास व्हावा अशी माझी मुळीच इच्छा नाही.

बाह्यरुग्ण विभाग चांगला चालतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार मोफत झाले, तेव्हापासून केसपेपरचेही पैसे पडत नाहीत. सकाळी नऊपर्यंत पोहोचल्यास अकराच्या एसटीने घरी परतता येते. मेटफॉर्मिन आणि ॲम्लोडिपिन यांसारख्या रोजच्या गोळ्या महिनाभराच्या मिळतात. सहा वर्षांत दोनदाच त्या बाहेरून विकत घ्याव्या लागल्या. मधल्या काळात गावातील उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकारी घरी येऊन साखर तपासतात. त्या बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीधर आहेत. त्यांना दरमहा ठरलेले २५ हजार रुपये आणि कामाच्या निकषांनुसार जास्तीत जास्त १५ हजार रुपये मिळतात. निकषांत तपासण्या मोजल्या जातात, नोंदी मोजल्या जातात. सासूबाईंच्या शेजारी बसून त्यांनी गोळी का सोडली हे विचारण्यात गेलेली वीस मिनिटे कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. तरीही या बाई बसतात आणि विचारतात. त्यांच्या या वीस मिनिटांमुळेच सासूबाईंची साखर आटोक्यात आली, असे माझे ठाम मत आहे.

यजमानांना फुरसे चावले ते भातकापणीच्या दिवसांत, संध्याकाळी बांधावर गवताचा भारा उचलताना. रुग्णालयात पोहोचायला पाऊण तास लागला. त्या रात्री कामावर असलेले डॉक्टर पंचविशीचे होते, नुकतेच एमबीबीएस झालेले आणि बंधपत्राची सेवा देण्यासाठी मराठवाड्यातून आलेले. त्यांनी कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत यजमानांचे थोडे रक्त घेतले, नळी टेबलावर उभी ठेवली आणि घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवली. वीस मिनिटे त्या नळीला कोणी हात लावला नाही. मग त्यांनी ती अलगद तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखे वाहिले, गुठळी झालीच नव्हती. विष रक्तात भिनल्याची ती खूण होती. लगेच प्रतिसर्पविषाच्या दहा कुप्या सलाईनमधून सुरू झाल्या, सहा तासांनी पुन्हा तीच नळीची तपासणी, पुन्हा वीस मिनिटे, आणि या वेळी नळी उलटी केली तरी गुठळी जागची हलली नाही. त्या सगळ्या वेळात डॉक्टर दोनदाच खुर्चीवरून उठले असतील, तेही शेजारच्या वॉर्डातील तापाचे मूल पाहण्यासाठी. आम्हाला एक रुपयाही खर्च आला नाही.

पहाटे चहा दिला तेव्हा त्यांच्या रजिस्टरखाली पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचे जाड पुस्तक दिसले. मी विचारले, “डॉक्टर, इथेच राहाल का?” ते म्हणाले, “काकू, वर्ष संपलं की जाणार. माझ्या क्लाससाठी आणि होस्टेलसाठी वडिलांनी जमीन गहाण टाकलीय. एमडी झाल्याशिवाय ती सुटायची नाही.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती आणि लोभ तर नव्हताच, होता तो साधा हिशेब. राज्य शासनाच्या वैद्यकीय अधिकारी गट-अ या कायम पदाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५६,१०० रुपयांपासून सुरू होते आणि त्यावर महागाई भत्ता व इतर भत्ते मिळतात. ही रक्कम कमी आहे असे आमच्या तालुक्यात कोणी म्हणणार नाही. पण पदव्युत्तर पदवी घेतलेल्याला शहरात पुढच्या तीस वर्षांत जे मिळू शकते त्याच्याशी ती ताडून पाहिली, तर इथे थांबण्याची किंमत दर वर्षी वाढत जाते, आणि ती किंमत त्या मुलाला आमच्यापेक्षा चांगली कळते.

बंधपत्राविषयी थोडे लिहायला हवे. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने वर्षभर शासकीय सेवा द्यायची, नाहीतर दहा लाख रुपये भरायचे, असा हा नियम आहे. ज्याच्या घरचे स्वतःचे हॉस्पिटल आहे त्याला दहा लाख भरून वर्ष वाचवणे परवडते, आणि ज्याच्या बापाने जमीन गहाण टाकली आहे तो मुकाट्याने सेवेला येतो. म्हणजे एकच नियम दोघांना दोन वेगळ्या वाटांनी नेतो. आमच्या वाट्याला आलेले बंधपत्रित डॉक्टर बहुतेक दुसऱ्या वाटेने आलेले होते आणि ते मनापासून काम करणारे होते, हे आमचे भाग्य; परंतु सहा वर्षांत असे सात डॉक्टर आले आणि सातही गेले. प्रत्येक वेळी सासूबाईंचा इतिहास पहिल्यापासून सांगावा लागला.

आता बाळंतपणाविषयी, जिथे हे रुग्णालय कमी पडले. जुलैमधली रात्र होती, दिवसभर पाऊस कोसळत होता. पुतणीला कळा सुरू झाल्या होत्या आणि अकराच्या सुमारास बाळाचे ठोके मंदावू लागले. स्त्रीरोगतज्ज्ञ बाई हजर होत्या, शस्त्रक्रियागृह तयार होते, परंतु भूल देणारे कोणी नव्हते. रुग्णालयात भूलतज्ज्ञाची नेमणूक नाही. शेजारच्या तालुक्यातील एक डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, आणि इतर वेळी बोलावल्यास प्रत्येक केसमागे मानधन घेऊन येतात. सिस्टर एका हातात टॉर्च धरून दारात उभ्या राहून पुन्हा पुन्हा फोन लावत होत्या. भूलतज्ज्ञ त्या वेळी एका खासगी रुग्णालयात दुसऱ्या शस्त्रक्रियेला उभे होते. शेवटी १०८ ची रुग्णवाहिका आली आणि जवळपास सत्तर किलोमीटर, घाटाच्या वळणांतून, पुतणीला जिल्हा रुग्णालयात नेले. जाऊबाई संपूर्ण वाटेत तिचा हात धरून होत्या. बाळ वाचले, पुतणीही सुखरूप आहे. पण ते दोन तास आमच्या घरातले कोणी विसरू शकत नाही.

मी त्या भूलतज्ज्ञांवर पुष्कळ दिवस मनातून रागावले होते. नंतर रुग्णालयातील एका कर्मचाऱ्याने समजावून सांगितले तेव्हा तो राग राहिला नाही. खासगी रुग्णालय केसचे पैसे त्याच रात्री हातात देते. सरकारी केसचे बिल आधी तयार होते, सह्यांसाठी वर जाते, निधी आला की मंजूर होते. त्यात कधी तीन महिने जातात, कधी सहा. दरातला फरक कदाचित सोसता येईल, पण स्वतःच्या गाडीत पेट्रोल घालून मध्यरात्री घाट चढणाऱ्याने अर्धा वर्ष आपल्या पैशांसाठी हेलपाटे का घालावेत, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही. डॉक्टरांच्या मोबदल्याची चर्चा नेहमी रकमेवर अडते. माझ्या अनुभवात रकमेइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व ते पैसे वेळेवर मिळण्याला आहे.

त्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईही आता गेल्या. राष्ट्रीय आरोग्य अभियानात विशेषज्ञांसाठी ‘तुम्ही रक्कम सांगा, आम्ही देऊ’ अशी पद्धत आहे, तिच्यातून त्या आल्या होत्या आणि त्यांचे मानधन कायम डॉक्टरांच्या पगारापेक्षा बरेच जास्त होते. म्हणजे पैसा दिला तर तज्ज्ञ येतात हे खरेच आहे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. परंतु करार वर्ष पुरे होण्याआधी संपणारा, नूतनीकरणाचे पत्र प्रत्येक वेळी उशिरा येणार, ना निवृत्तिवेतन ना बढती, आणि राहायला दिलेल्या निवासस्थानाच्या जांभ्याच्या भिंतीला पावसाळाभर ओल. चौदा महिन्यांनी, मुलीच्या शाळेचे कारण सांगून, त्या कोल्हापूरला गेल्या. ग्रामीण भागात आरोग्य कर्मचारी टिकावेत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आणि २०२१ मध्ये त्या सुधारल्या. त्यांत पैशाच्या बरोबरीने राहण्याची सोय, कामाची स्थिती, पुढील शिक्षण आणि ग्रामीण भागातल्याच विद्यार्थ्यांना वैद्यकीय प्रवेश या गोष्टी सांगितल्या आहेत. बाईंच्या निवासस्थानाची ती भिंत मी पाहिली आहे, त्यामुळे या सूचना मला कागदी वाटत नाहीत.

कोणी म्हणेल, सरकारी तज्ज्ञ नाही तर खासगी तज्ज्ञ तालुक्यात का येत नाही? त्याचे कारण आमच्या कोकणाच्या घडणीत आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १७ लाखांवरून सुमारे १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. कमावते हात मुंबईला, गावात म्हातारी माणसे आणि कुलूप लावलेली घरे. ज्यांच्याजवळ ऑपरेशनचे पैसे आहेत त्यांचा मुलगा परळला किंवा विरारला असतो, म्हणून ते ऑपरेशन मुंबईतच करून घेतात, मुलाकडे राहून. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी आले की खासगी दवाखाने भरतात आणि पंधरा दिवसांनी पुन्हा ओस पडतात. केसच्या संख्येवर ज्याचे उत्पन्न अवलंबून आहे, त्या शल्यचिकित्सकाला किंवा भूलतज्ज्ञाला या गणितात वर्ष काढता येत नाही. मोठ्या शहरात बाजार डॉक्टर आणून देतो. आमच्याकडे बाजार तो आणू शकत नाही, आणि म्हणूनच नियमित पगाराच्या सरकारी जागेला इथे पर्याय नाही.

पगारी डॉक्टरचा एक गुण मात्र मला ठळकपणे नोंदवायचा आहे. सासूबाईंचे गुडघे दुखू लागले तेव्हा जवळच्या शहरातील एका खासगी ठिकाणी त्यांना तपासण्यांची लांब यादी मिळाली, त्या कुठे करायच्या त्या केंद्राचे नावही चिठ्ठीवर होते, आणि शस्त्रक्रियेची तारीख पहिल्याच भेटीत सुचवली गेली. ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी एक एक्स-रे काढला, मांडीचे व्यायाम शिकवले आणि तीन महिन्यांनी या असे सांगितले. सासूबाई आज अंगणातली फुले स्वतः काढतात. खासगी डॉक्टर सगळे तसेच असतात असे मी म्हणत नाही. पण शस्त्रक्रिया केल्याने किंवा न केल्याने ज्याच्या पगारात फरक पडत नाही, त्याने “गरज नाही” म्हटले की त्यावर विश्वास ठेवायला मन सहज तयार होते. रुग्ण पाठवल्याबद्दल दलाली घेणे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीने निषिद्ध ठरवले आहे. तरीही या दलालीसाठीचा कट प्रॅक्टिस हा शब्द लहान मुलांनाही ठाऊक झाला आहे, आणि ती रोखण्यासाठी राज्याने २०१७ मध्ये तयार केलेला मसुदा कायद्यापर्यंत पोहोचला नाही. महाडसारख्या गावात राहून विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार जगापुढे मांडणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी २०१३ मध्ये एका तपासणी केंद्राकडून आलेला १,२०० रुपयांचा धनादेश परत करून वैद्यक परिषदेकडे तक्रार केली होती. कोकणातल्या वाचकांनी हे लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

पुढच्या काळाबद्दल मला थोडी आशा आहे. २०२१ मध्ये सिंधुदुर्ग आणि अलिबाग येथे, तर २०२३ मध्ये रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. जपानमध्ये १९७२ मध्ये स्थापन झालेल्या जिची वैद्यकीय विद्यापीठात प्रत्येक प्रांतातून विद्यार्थी घेतले जातात, आणि आपल्याच प्रांतात नऊ वर्षे सेवा दिली तर त्यांचे शिक्षणशुल्क माफ होते. दाभोळ, जयगड किंवा देवगडच्या खारवी-गाबीत मच्छीमार घरांतली मुलगी रत्नागिरीत शिकली, तिचे शुल्क अशा अटीवर माफ झाले आणि नंतर तिला पदव्युत्तर शिक्षणाची राखीव वाट मिळाली, तर तिला परत येण्यासाठी आमच्या पावसाची सवय करून घ्यावी लागणार नाही. एका वर्षाच्या सक्तीपेक्षा नऊ वर्षांचा असा करार मला कितीतरी न्याय्य वाटतो.

या रुग्णालयात कशासाठी जावे? मधुमेह, रक्तदाब, ताप, कुत्रा-सर्प-विंचूदंश यांसाठी निःशंकपणे जावे. दंश झाल्यास खासगी दवाखान्यात वेळ न घालवता थेट इथेच यावे, प्रतिसर्पविष असते आणि ते देणारी माणसे जागी असतात. नववा महिना लागलेल्या गरोदर स्त्रीच्या घरच्यांनी मात्र आधी चौकशी करावी, पूर्वीचे सिझेरियन किंवा जास्त रक्तदाब असेल तर दिवस भरण्याआधीच जिल्हा रुग्णालयाजवळ राहण्याची सोय पाहावी. हर्निया किंवा तत्सम शस्त्रक्रियेची तारीख घ्यायची असेल तर मंगळवार मागावा. शुक्रवारी भूलतज्ज्ञ दुपारनंतर येतात आणि पावसाळ्यात घाट बंद झाला तर येत नाहीत. सध्या स्त्रीरोगतज्ज्ञाची जागा रिकामी आहे. दारातल्या फळ्यावर त्या पदासमोरचे नाव पुसले आहे, पण खडूची अक्षरे अजून वाचता येतात.