अर्धा इंची टॉर्क पाना: वर्षभर वापरल्यावर

'रॅचेट वेअर अँड टेअरमध्ये येतं, वॉरंटीत बसत नाही. नवीन घ्या ना सर, ऑफर चालू आहे.' विक्रेत्याचं हे उत्तर आलं आणि माझं डोकं सटकलं. अठ्ठावीसशे रुपयांचा टॉर्क पाना (नट ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळायचा पाना) वर्षाच्या आत घसरायला लागतो आणि हे मला ऑफर ऐकवतात!

दुखणं असं की, चाकाचा नट आवळताना ऐन जोर लावला की रॅचेट, म्हणजे डोक्यातला एकाच दिशेने फिरू देणारा भाग, कड्‌कन सुटायचं. दोनदा बोटं मडगार्डवर आपटली. पाना 42 ते 210 न्यूटन-मीटरचा (पिळाचा जोर मोजायचं एकक), लावलेला आकडा गाठला की टक् वाजणारा नेहमीचा. शेजारचे काका पंक्चरवाल्याने नट आवळायच्या गनने ठोकलेले नट खोलायला तो घेऊन गेले होते, त्यानंतर हे सुरू झालं. टॉर्क पाना आवळायला असतो, खोलायला नाही. माझ्या पान्यात उलट्या दिशेला टक् वाजतच नाही, मग माणूस अंगातली सगळी ताकद लावतो. काकांना काय बोलणार.

आधी ठरवलं होतं, भंगारात द्यायचा. पण डोक्याचे दोन स्क्रू काढून पाहिले आणि मत बदललं. आत गिअर, पॉल (गिअरच्या दातांत अडकणारा खटका), एक बारकी स्प्रिंग आणि एक छर्रा, बस्स. पॉलच्या दोन दातांचे कोपरे उडालेले, बाकीचे घासून चकचकीत. टॉर्क ठरवणारी मोठी स्प्रिंग दांड्यात असते, तिचा या डोक्याशी संबंध नाही. म्हणजे पाना ठणठणीत, नुसतं डोकं गेलेलं. भोसरीत एका हार्डवेअरवाल्याकडे साडेतीनशेत किट मिळालं. छर्रा बसवताना हमखास उडतो, खाली जुनी चादर अंथरा. ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढं, जास्त नको, पॉल चिकटतो.

कॅलिब्रेशनचं, म्हणजे पान्याचा आकडा बरोबर आहे का ते तपासायचं काय? टॉर्क पान्यांच्या आयएसओ 6789 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे 12 महिने किंवा 5000 वेळा वापर, जे आधी होईल तेव्हा तपासायचं. लॅबने नऊशे सांगितले. घरच्या एका गाडीसाठी मला ते जड वाटलं. मग सॉकेट बसतो तो पान्याचा चौकोन व्हाइसमध्ये (शिकंज्यात) घट्ट धरला, दांडा आडवा, आणि मुठीच्या मध्यावर पाण्याचा वीस लिटरचा जार टांगला. काट्यावर जार भरला एकवीस किलो, अंतर 45 सेंटिमीटर. 21 × 9.81 (गुरुत्वाकर्षणाचा आकडा) × 0.45 म्हणजे साधारण 93 न्यूटन-मीटर, पान्याचं स्वतःचं वजन धरून 95. पाना 90 वर लावला, टक् वाजला. 100 वर लावला, गप्प. अशा पान्याला चार टक्के चूक मान्य असते; माझी तपासणी तेवढी बारीक नाही, पण चाकाच्या नटांना मला हे चालेल. इंजिनच्या हेडबोल्टला हा जुगाड कृपया करू नका, तिथे नऊशे भरा.

आता खरी तक्रार. दांड्यावरचे आकडे! क्रोमवर नुसते कोरलेत, रंगाचा थेंब नाही. संध्याकाळी पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली 98 आहे की 108, देवाला ठाऊक. दरवेळी मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून दांडा फिरवत बसायचं. वर फूट-पाउंड समोरच्या बाजूला ठळक आणि न्यूटन-मीटर मागे लपवलेले, आपल्याकडे फूट-पाउंड वापरतं कोण? शेवटी पांढरा ऑइलपेंट खाचांत भरला, वरचा पुसून काढला, दुसऱ्या दिवशी आकडे लख्ख. दहा रुपयांचा रंग कारखान्यात का नाही परवडत?

आणखी एक, काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, त्याच्याही खाली सैल करू नका. पेटीत ठेवा, आणि शेजारी मागायला आले तर साधा एल-पाना द्या.

रॅचेट मोडलं म्हणून मी एकही तारा कापलेला नाही. पाचातले दोन कापलेत ते आकड्यांसाठी.